दादाने आणलेले दोन खंड

दादाने ते दोन बांधीव खंड आणले तो १९८९ सालातला एक शनिवार होता. लोकल तेव्हा वाशीपर्यंत येत नव्हती. मानखुर्दला उतरायचं, बस पकडायची आणि खाडीपूल ओलांडून यायचं. त्या गर्दीत कापडी पिशवी पोटाशी धरून तो उभ्याने आला होता. दारातच म्हणाला, "आधी हे धर गं, हात भरून आलेत." चपला काढायच्या आधी पिशवी माझ्या हातात.

दादा फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होता. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे त्याचं काम. रेघ चुकली तर ब्लेडच्या टोकाने शाई खरवडायची, तीही कागदाला भोक न पाडता. ड्रॉइंगच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर काढत, त्यामुळे त्याच्या शर्टांना कायम त्या अमोनिया प्रिंटचा वास यायचा, आई ते वेगळे भिजवायची. त्याचं ऑफिस लहान जागेत हलणार होतं, कपाटं रिकामी होत होती आणि जुनी मासिकं रद्दीत निघाली होती. साहेबांना विचारून दादाने त्यातले दोन खंड माझ्यासाठी मागून घेतले. इथल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवायला लागून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

खंडांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव होतं, 'मार्ग'.

नाव ओळखीचं होतं. ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात ते दिसायचं. कपाटाला कुलूप असायचं, आणि ते उघडून द्या असं म्हणायचा धीर मला कधी झाला नाही. कलेवरचं इंग्रजी त्रैमासिक, जाड गुळगुळीत कागद. हे आपल्यासाठी नाही असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आमच्या घरात चित्रं आली ती दिवाळी अंकांतून. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आई जपून कापून ठेवायची आणि ती दादाच्या टी-स्क्वेअरशेजारी भिंतीवर लागायची. माझं चित्रं बघणं त्या भिंतीपासून सुरू झालं.

मी पहिला खंड मांडीवर उघडला आणि आतून एक चित्र घसरून ओच्यात पडलं. काळजात धस्स झालं, वाटलं पान फाटलं. दादा म्हणाला, "फाटलं नाही. ते डकवलेलंच असतं. खळ वाळली की सुटतं."

मग त्याने समजावून सांगितलं. त्या काळी अंकाचा मजकूर एका कागदावर छापायचे आणि रंगीत चित्रं वेगळ्या आर्ट पेपरवर. पिवळा, लाल, निळा, काळा असे चार ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, आणि तोच कागद चार वेळा यंत्राखालून जायचा. छापून झालेलं चित्र हाताने अंकातल्या कोऱ्या पानावर चिकटवायचे, तेही फक्त वरच्या कडेला. मी विचारलं, चारही बाजूंनी का नाही? "ओल धरून कागद सुरकुततो. आणि खाली मोकळं असलं की उचलून मागचंही बघता येतं."

ओच्यात पडलेलं ते एक लघुचित्र होतं. गच्चीवर एकटी उभी असलेली बाई, मागे काळाभोर ढग, त्यावर बगळ्यांची पांढरी रांग. मी शाळेचं भिंग आणून त्यावर धरलं. बाईचा चेहरा नखाएवढासुद्धा नव्हता, आणि त्या चेहऱ्यात ओठांचा लाल ठिपका जिथे हवा तिथेच होता. चार वेळा यंत्राखालून गेलेल्या कागदावर तो केसभर इकडेतिकडे झाला असता तर ओठ गालावर गेले असते. छापखान्यातल्या ज्या कोणी तो जागेवर ठेवला, त्याचं नाव अंकात कुठेच नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं सातवीच्या वर्गाला मी हा धडा दिला. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात 'मार्ग', आणि वर्गात फिरणारं एक भिंग. वर्तमानपत्राच्या हाफटोन ब्लॉकला इंचाला साधारण ६५ ओळी ठिपके, चांगल्या आर्ट पेपरवर १३३ किंवा त्याहून जास्त. मुलांना आकडे लक्षात राहायचे नाहीत, पण डोळा भिंगाला लावल्यावर त्यांचा जो 'आँ' निघायचा तो मला अजून ऐकू येतो. राखाडी रंग नावाचा रंग छापलेलाच नाही, नुसते काळे ठिपके लहानमोठे केलेत, हे एकदा दिसलं की मूल पुन्हा कुठलंही चित्र पहिल्यासारखं बघत नाही.

हे मासिक कोणी काढलं, कशासाठी काढलं, हे मला हळूहळू कळत गेलं. १९४६ साली मुंबईत ते सुरू झालं. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं राहून परतलेले कादंबरीकार मुल्कराज आनंद त्याचे संपादक. त्यांच्याभोवती चित्रकारांपेक्षा आर्किटेक्टच जास्त होते, आणि नावही मुळात त्यांच्याच गटाचं. 'मॉडर्न आर्किटेक्ट्स रिसर्च ग्रुप' याची आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत 'मार्ग' होतं, आणि आपल्याला तर तो शब्द आईच्या दुधाबरोबर मिळालेला. जे. आर. डी. टाटांनी दोन खोल्या आणि सात जाहिराती दिल्या, त्यावर मासिक उभं राहिलं असं सांगतात.

सुरुवातीची माणसं बघा. ओटो कोनिग्सबर्गर हा बर्लिनचा आर्किटेक्ट हिटलरच्या राज्यातून बाहेर पडून म्हैसूर संस्थानात आलेला. पुढे भुवनेश्वरचा आराखडा त्याने केला. हर्मन गोएत्झ हे बडोद्याच्या संग्रहालयाचे प्रमुख. कार्ल खंडालावाला पेशाने वकील आणि लघुचित्रांचे जाणते अभ्यासक. आणि श्रीलंकेच्या दोन बहिणी, अनिल आणि मिनेट डि सिल्वा. अनिल 'इप्टा' या नाट्यचळवळीच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी, इथे मासिकाच्या संपादनात. मिनेट मुंबईत आर्किटेक्चर शिकत होती, गांधीजींच्या सुटकेसाठीच्या आंदोलनात गेली म्हणून तिला शिक्षण सोडावं लागलं. पुढे १९४८ साली ब्रिटनच्या आर्किटेक्टांच्या संस्थेची सहसदस्य झालेली ती पहिली आशियाई बाई. मला या दोघींचं फार अप्रूप आहे. कलेच्या इतिहासात संपादकाचं नाव उरतं आणि प्रुफं तपासणाऱ्या, ब्लॉक करून घेणाऱ्या, लेखकांच्या मागे लागणाऱ्या बाया पुसल्या जातात. 'मार्ग'ची पानं पुढे कित्येक वर्षं डॉली साहियार यांनी मांडली. चित्र कुठे बसवायचं, त्याच्याभोवती कोरी जागा किती सोडायची, हे मी त्यांची पानं बघून शिकले आणि फळ्यावर वापरलं.

पहिल्या अंकाच्या अग्रलेखाचं शीर्षक होतं 'प्लॅनिंग अँड ड्रीमिंग'. आराखडा आणि स्वप्न. साल १९४६. स्वातंत्र्य दाराशी आलेलं, घरांचा तुटवडा, पुढच्याच वर्षी फाळणीने लाखो माणसं उघड्यावर येणार. अशा वेळी कलेचं मासिक काढणारा माणूस म्हणतो की देश आता बांधायचाय, तर तो कसा दिसेल याचं चित्र आधी आपल्या डोळ्यांसमोर हवं. मला यात मोठी समज दिसते. मंदिर कसं बांधलं, माठ कसा घडवला, साडीचा काठ कसा विणला हे ज्याला बघता येतं, त्यालाच चाळीत संडास कुठे हवा आणि खिडकी कुठल्या बाजूला हवी हे विचारायचा हक्क आपला आहे असं वाटतं. म्हणून या मासिकात खजुराहो आणि चंडीगड एकाच आस्थेने येतात. १९५७ साली खजुराहोवर अंक निघाला, १९६१ साली चंडीगडवर. भरतनाट्यमवर निघाला, कथकवर निघाला, हातमागावरही. दर वेळी एकच विषय घेऊन तो मुळापासून बघायचा, ही यांची रीत. हजार वर्षांपूर्वीचा पाथरवट आणि कालचा आर्किटेक्ट शेजारी बसलेत असं पानं उलटताना वाटायचं.

आता दुसऱ्या खंडाबद्दल. हा १९६५चा होता, आणि त्यात जूनचा अंक होता.

तो मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा शब्दकोश शेजारी घेऊन तीन रात्री लागल्या. कठीण शब्दांचे अर्थ पेन्सिलीने चिठ्ठ्यांवर लिहून मी पानांत घालत गेले; त्या चिठ्ठ्या अजून आहेत. अंक मुंबईवर होता आणि नाव पुन्हा तेच, 'प्लॅनिंग अँड ड्रीमिंग'. महापालिकेने १९६४ साली शहराच्या विकासाचा आराखडा लोकांपुढे ठेवला होता. तो तीन जणांना पटला नाही : चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. दोन आर्किटेक्ट, एक स्थापत्य अभियंता. कोरिया आणि पटेल तेव्हा तिशीच्या थोडे पुढे. त्यांचं म्हणणं साधं होतं. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी, कामाच्या जागा दक्षिणेच्या टोकाला आणि माणसं राहणार उत्तरेला. सकाळी सगळं शहर एका दिशेला धावतं, संध्याकाळी उलट. शहर उत्तरेकडे आणखी ओढत नेलं तर हा ताण वाढतच जाणार. त्यापेक्षा बंदराच्या पलीकडे, पूर्वेच्या मुख्य भूमीवर नवं शहर करा. खाडीवर पूल तर होणारच आहे. मग पाणी शहराच्या कडेला न राहता मधोमध येईल. जमीन सरकारने घ्यावी, सुधारून विकावी आणि त्याच पैशातून रस्ते, पाणी, शाळा करावं.

मुल्कराज आनंदांनी या तिघांना चार पानं न देता अख्खा अंक दिला. सरकारने पुढे हा विचार स्वीकारला, १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोरिया सुरुवातीची काही वर्षं तिथे मुख्य आर्किटेक्ट होते. पूल १९७३ साली खुला झाला, लोकल १९९२ साली वाशीला आली.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी वाशीतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होते. ज्या जमिनीवर उभी होते ती जमीन शहर व्हायच्या आधी या पानांवर शहर झाली होती. मी अंक मिटला, पुन्हा उघडला. मिस्टरांना उठवून सांगितलं. ते झोपेतच "बरं" म्हणाले. मग एकटीच बाल्कनीत जाऊन समोरच्या इमारतींकडे बघत उभी राहिले. त्याआधी त्यांच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात फळ्यावर मी हा सगळा विचार काढून दाखवला. डावीकडे मुंबईचं बोट, मधे निळ्या खडूने बंदर, उजवीकडे नवं शहर. मी रंगात आले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. जवळच्याच एका गावठाणातला, आगरी घरातला. म्हणाला, "बाई, यात आमचा गाव कुठं हाय?"

फळ्याच्या उजव्या बाजूला मी कोरी जागा सोडली होती.

त्याचं गाव तिथे शेकडो वर्षं होतं. अशी ९५ गावं होती. भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. १९८४च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना परत द्यायचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. मला हे ठाऊक होतं, वर्तमानपत्रात सगळं वाचलं होतं. तरी खडू हातात घेतल्यावर मी ती जागा कोरीच सोडली. त्या मुलाला मी पुढे बोलावलं आणि खडू त्याच्या हातात दिला. त्याने आधी खाडी काढली, मग बांध, मग मिठागरांचे चौकोन, मग देऊळ. शेवटी आपलं घर. मिठागर त्याने स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. आजोबा सांगायचे तेच त्याने काढलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचा, पेपर असतो. मी आजवर तपासलेल्या स्मरणचित्रांत त्या फळ्यावरच्या चित्राइतकं खरं एकही नव्हतं.

'मार्ग'बद्दलचं माझं प्रेम त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही. उलट त्या दिवसापासून मासिक वाचताना मी एक प्रश्न जवळ ठेवायला लागले : या चित्रात कोण नाही? हा प्रश्न मला विचारता आला तोही चित्र समोर होतं म्हणूनच. आराखडा फायलीत बंद राहिला असता तर ना मी तो फळ्यावर काढला असता, ना त्या मुलाने त्यात आपलं गाव शोधलं असतं. आणि त्या तिघांच्या आराखड्यातलं जे झालं नाही त्याचीही मला हळहळ आहे. सरकारी कचेऱ्या इकडे पूर्वेला यायच्या होत्या. त्या तिकडेच राहिल्या आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टोलेजंग इमारती उठल्या. दादा आयुष्यभर दक्षिणेकडेच कामाला गेला.

कोरियांचं काम डोळ्यांनी बघावं म्हणून मी मुलांना घेऊन बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजला जायचे. १९८३ ते ८६ या काळात बांधलेली ती वसाहत. सात घरं एका लहान अंगणाभोवती, आठ मीटर बाय आठ मीटर. अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला ऐपत येईल त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याला धक्का न लावता. आता तिथली बरीच घरं पाडून उंच बांधलीत. मुलं वहीत अंगण काढायची आणि मी त्यांना पावलांनी आठ मीटर मोजायला लावायची.

पुढची हकिगत थोडक्यात. आनंदांनी साडेतीन दशकांच्या आसपास संपादन केलं. त्यांच्यानंतर सरयू दोशी आल्या, १९९३पासून प्रतापादित्य पाल होते. मधल्या काळात मासिक एनसीपीए या नरिमन पॉइंटच्या कलासंस्थेच्या छत्राखाली होतं. आर्किटेक्चरपेक्षा कलेतिहासावर भर वाढला, लेख अधिक अभ्यासकी झाले. मला जुने, भांडायला उठलेले अंक जास्त आवडतात हे मी लपवत नाही. पण छपाई आणि छायाचित्रं मात्र कायम वरच्या दर्जाची राहिली. काळा घोड्याला, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या शेजारी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, तिथे त्यांचं ऑफिस. १९९७ साली मुंबईवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं तेव्हा ते घ्यायला मी पहिल्यांदा जिना चढले. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक कागदात गुंडाळून दिलं आणि कुठून आलात विचारलं. "वाशीहून," मी म्हटलं. ते सांगताना ऊर भरून आला होता, पण का ते त्यांना सांगायला जमलं नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहते. हे सगळं इंग्रजीत झालं. ज्या गावांची जमीन त्या नकाशात होती, तिथल्या एकाही घरात तो अंक वाचला गेला नसणार. मराठीत सतीश नाईकांनी 'चिन्ह' काढून चित्रकलेवर गांभीर्याने लिहिण्याची जागा केली, त्याचे अंकही माझ्या कपाटात आहेत. पण शहर, घर, देऊळ, माठ, लुगडं आणि चित्र यांना एका पंगतीत बसवणारं त्रैमासिक आपल्या भाषेत असावं असं मला आजही वाटतं. माझ्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या हा माझ्यापुरता त्यावरचा उपाय.

गेल्या महिन्यात दादा राहायला आला. आता तो लोकलने येतो, बसायला जागाही मिळते. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा त्याचं ट्रेसिंगचं काम संपलं, त्यालाही वीसएक वर्षं झाली. दुपारी मी खंड काढला तर ते लघुचित्र पुन्हा सुटून आलेलं. मी मैद्याची खळ शिजवली, गुठळी होऊ दिली नाही. दादाने चष्मा लावला. हात थरथरतो त्याचा आता. जुन्या खळीचा पापुद्रा त्याने ब्लेडने हलकेच खरवडून काढला, ब्रशने वरच्या कडेला बोटभर नवी खळ लावली आणि पानावरच्या जुन्या डागाशी कडा जुळवून चित्र ठेवलं. दोन्ही बाजूंची जागा समसमान. वर बटर पेपर घातला, खंड मिटला आणि वजन म्हणून १९६५चा खंड त्यावर ठेवला.

"सकाळपर्यंत उघडू नकोस," म्हणाला.